शतपावलीपासून सुरुवात

(क्वेकर्स हिल येथे रविवारच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून.)



आरोग्याविषयी बोलण्याचा अधिकार खरे पाहता वैद्याचा. मी वैद्य नव्हे. आयुष्याची चाळीस वर्षे मी हिशेबाच्या वह्यांपुढे बसून काढली. प्रथम ठाण्यात आणि नंतर येथे, सिडनीत. बसणे हा माझा व्यवसायच होता असे म्हटले तरी चालेल. तेव्हा आज मी आपणांस जे सांगणार आहे ते एका रुग्णाचे निवेदन आहे असे समजावे. कार्यकारिणीने मला विषय दिला तो 'व्यायामाचा आरंभ आणि त्यास पूरक आहार' असा. त्या विषयाकडे मी कसा ओढला गेलो, ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी शावुओथ होऊन गेल्यानंतरच्या शब्बाथची गोष्ट. सेफर तोरा उचलून मंडळींस दाखविण्याचा मान मला मिळाला. आपल्यापैकी काही जण त्या दिवशी उपस्थित होते. त्यांनी आजवर माझ्यापुढे तो विषय काढला नाही, ही त्यांची सभ्यता. मी पुढे झालो, लाकडी पेटीला हात घातला, उचलली, आणि अर्ध्यावर माझे दंड थरथरू लागले. उजव्या बाजूने तोल गेला. शेजारी उभ्या असलेल्या एका तरुणाने चपळाईने खालून हात दिला म्हणून पुढचे टळले. सेफर तोरा हातून पडली तर उपस्थितांनी उपवास करावा अशी रूढी आहे, हे आपण जाणता. त्या क्षणी मला माझ्या पडण्याची भीती वाटली नाही. माझ्यामुळे साऱ्या मंडळींवर उपवास येईल याची वाटली. घरी येताना मोटारीत मी एक शब्दही बोललो नाही. पत्नीने इतकेच विचारले, "आज नाश्ता केला नव्हता का?" नाश्ता केला होता. चार टोस्ट, मुरंबा आणि दोन चमचे साखरेचा चहा, असा भरपेट केला होता.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. वय ६२, वजन ७८ किलो, कमरेचा घेर १०२ सेंटिमीटर, आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा जो आकडा असतो, ज्याला आपण सारे आता 'एचबीएवनसी' म्हणून ओळखतो, तो ८.१. साडेसहा वा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह. माझे थोरले बंधू चोपन्नाव्या वर्षी ठाण्यात हृदयविकाराने गेले. त्यांचा देह सडपातळ होता, आणि "सडपातळ माणसाला काय होते?" हे वाक्य आमच्या घरात शेवटपर्यंत बोलले जात असे.

या वाक्याविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण ते केवळ आमच्या घरातले नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या भ्रमाचा छडा लावण्यात आपली हयात वेचली आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघे शेजारी शेजारी उभे. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. कागदावर दोघेही उत्तम. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजन तेच, उंचीशी प्रमाण तेच, पण आत भरलेला माल वेगळा. आपल्या लोकांत स्नायू कमी आणि पोटाभोवतीची चरबी अधिक, असे हे गणित आहे. आपण बेने इस्राएल कोकणात किती शतके राहिलो याविषयी विद्वानांनी खुशाल वाद घालावा. आपले पोट मात्र पक्के कोकणस्थ आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते, गोऱ्यांपेक्षा अलीकडे. आज घरी गेल्यावर शिवणाच्या टेपने हे माप घ्यावे, अशी माझी विनंती आहे. वजनाचा काटा फसवतो. टेप सहसा फसवत नाही. माप बेंबीच्या पातळीला आणि श्वास सोडून घ्यावे. पोट आत ओढून नव्हे! मी पहिल्यांदा तसेच घेतले होते.

मग मी काय केले? जे बहुतेक जण करतात तेच. जुलै महिन्यात एका व्यायामशाळेचे सभासदत्व घेतले. दर पंधरवड्याला खात्यातून पैसे वळते होतील, करार बारा महिन्यांचा. तेथील प्रशिक्षक पंचविशीतला, मनाने चांगला मुलगा होता. परंतु त्याने मला पहिल्याच आठवड्यात खोक्यावर उड्या मारावयास लावले. मीही लावून घेतले. वयाचा अभिमान फार वाईट. सहाव्या आठवड्यात उजवा गुडघा सुजला आणि व्यायाम संपला. पैसे मात्र करार संपेपर्यंत जात राहिले. त्याच काळात मी भात पूर्ण बंद केला, रात्रीचे जेवण सोडले, आणि सकाळी कारल्याचा रस पिऊ लागलो. अकराव्या दिवशी रात्री साडेअकरा वाजता स्वयंपाकघरात उभा राहून मी थंड खिचडीचे अख्खे पातेले संपविले. हा माझा पहिला प्रयत्न. तो सविस्तर सांगितला, कारण आपल्यातील अनेकांचा पहिला प्रयत्न असाच झालेला असतो आणि त्यावरून ते "आपल्याच्याने होत नाही" असा निष्कर्ष काढतात. चूक त्या प्रयत्नाच्या मापात असते.

सुक्कोथ झाल्यानंतर मी पुन्हा आरंभ केला. या वेळी डॉक्टरांनी मार्ग दाखविला. दीर्घकालीन आजार असलेल्यांसाठी आपले डॉक्टर जी योजना आखून देतात, तिच्या आधारे मेडिकेअरकडून वर्षाला पाच भेटींसाठी साहाय्य मिळते. त्या पाच भेटी आहारतज्ज्ञ, व्यायामतज्ज्ञ, पायांचे तज्ज्ञ अशा कोणाकडेही वाटून घेता येतात. आपल्या समाजातील कित्येकांना हे ठाऊकच नसते; मलाही नव्हते. मी तीन भेटी व्यायामतज्ज्ञाकडे आणि दोन आहारतज्ज्ञाकडे घेतल्या.

व्यायामतज्ज्ञ बाईंनी प्रथम एक साधी खुर्ची पुढे ठेवली. हात छातीवर आडवे घ्या आणि तीस सेकंदांत जितक्या वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येईल तितक्या वेळा उठा-बसा, असे सांगितले. साठ ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषाला किमान १४ वेळा आणि स्त्रीला १२ वेळा हे जमले पाहिजे. मी आठ वेळा उठलो. नवव्या वेळी अर्धा उठून खाली आपटलो. त्या म्हणाल्या, "ही तुमची खरी परीक्षा आहे, तुमच्या वजनाची मला तूर्त चिंता नाही." हे ऐकून मला लहानपणची आठवण झाली. ठाण्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तालीम होती. आत मारुतीची मूर्ती असल्यामुळे वडील आम्हांला आत जाऊ देत नसत. परंतु जोर-बैठकांना त्यांची हरकत नव्हती. तेव्हा आम्ही दोघे भाऊ तालमीच्या बाहेर, अंगणात, खिडकीतून आतील वस्तादांचे आकडे ऐकत बैठका काढीत असू. शंभर बैठका सहज होत. पन्नास वर्षांनंतर एका परक्या देशात एक बाई मला खुर्चीच्या आधाराने त्याच बैठका पुन्हा शिकवीत होत्या.

स्नायूंचे महत्त्व साखरेच्या रुग्णाने विशेष ओळखावे. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेला सामावून घेणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. वयाबरोबर ते कोठार आकसत जाते. ते वापरले तरच टिकते. म्हणून केवळ चालणे पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा असे म्हटले आहे. मध्यम श्रम म्हणजे किती? चालता चालता बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतके. आमच्या घरी बोलणे कोणत्याही वेगाने थांबत नाही, त्यामुळे मी गाण्याची कसोटी वापरतो.

दीडशे मिनिटे हा आकडा ऐकून घाबरू नये. मी दहा मिनिटांनी आरंभ केला. रात्रीच्या जेवणानंतर घरापासून कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत आणि परत. दोन आठवडे तेवढेच. नंतर पंधरा. या चालण्याला आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे: शतपावली. आजी आम्हांला जेवल्यावर अंगणात पिटाळीत असे, तो हाच प्रकार. येथे मला एक प्रामाणिक अडचण आली, ती आपल्यापुढे मांडतो. आपले महान आचार्य रामबाम, अर्थात मोशे बेन मैमोन, हे स्वतः वैद्य होते. 'मिश्ने तोरा'तील 'हिल्खोत देओत'च्या चौथ्या अध्यायात त्यांनी आरोग्याचे नियम सांगितले आहेत. पोट भरेपर्यंत न खाता सुमारे पाऊण पोटी थांबावे, आणि सकाळी अंग तापेपर्यंत श्रम करून मगच खावे, हे त्यांचे सांगणे आजही कोणता डॉक्टर खोडून काढील असे मला वाटत नाही. परंतु त्याच ठिकाणी त्यांनी असेही सांगितले आहे की जेवणानंतर अन्न पचेपर्यंत बसून राहावे, चालू नये. म्हणजे रामबाम बसा म्हणतात, आणि आजी शतपावली घाला म्हणते. आता काय करावे?

आधुनिक संशोधन येथे आजीच्या बाजूचे आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालल्याने रक्तातील साखरेचा चढ कमी होतो, हे वारंवार दिसून आले आहे. मी ते स्वतःच्या बोटातून रक्त काढून, यंत्रावर मोजून पाहिले. शतपावलीच्या रात्री आणि शतपावली न केलेल्या रात्री यांतील फरक माझ्या डोळ्यांना दिसला. रामबामांचा निषेध कदाचित जोराच्या श्रमाविषयी असेल; आणि नसला तरी जुन्या ग्रंथांतील वैद्यकी त्या त्या काळाची असते, असे आपल्या धर्मगुरूंनीच अनेकदा सांगितले आहे. गंमत अशी की रामबामांना स्वतःला हे नियम पाळावयास सवडच नव्हती. इब्न तिब्बोन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला दिनक्रम वर्णिला आहे: सकाळी दरबारात जावयाचे, दुपारनंतर भुकेलेले घरी यावयाचे, तर ओसरीवर रुग्णांची गर्दी, त्यांना थोडे थांबा म्हणून घाईघाईने दोन घास खावयाचे, आणि चोवीस तासांत तेवढेच जेवण. वाचताना मला येथील आपल्या तरुण मंडळींची आठवण येते. क्वेकर्स हिलहून पहाटेची गाडी, शहरात दिवसभर काम, आणि संध्याकाळी मुलांना पोहण्याच्या वर्गाला सोडताना गाडीतच काहीतरी खाणे.

अशा मंडळींना मी आणखी एका यहुदी वैद्याचे नाव सांगू इच्छितो. जेरी मॉरिस. पोलंडहून ब्रिटनमध्ये आलेल्या गरीब यहुदी कुटुंबातला हा मुलगा. व्यायामाचा हृदयाशी काय संबंध, हे त्या काळी कोणी सिद्ध केले नव्हते. मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील माणसांकडे पाहिले. चालक दिवसभर बसून. कंडक्टर दिवसभर जिन्यावर वर-खाली. दोघांचा पगार, वस्ती, वर्ग साधारण एकच. १९५३ साली त्यांनी दाखवून दिले की कंडक्टरांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी होतो, आणि झाला तरी सहसा सौम्य असतो. मुंबईत बेस्टच्या दुमजली गाडीतून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना तो टिक-टिक करीत जिना चढणारा कंडक्टर आठवत असेल. त्याला कोणी व्यायामपटू म्हटले नाही. मॉरिस स्वतः २००९ साली वारले, तेव्हा ते ९९ वर्षांचे होते. तेव्हा स्टेशनवर सरकता जिना आणि साधा जिना असे दोन्ही असतील, तर निवड आपल्या हाती आहे. वेगळा वेळ काढावा लागत नाही.

आता आपल्या परिसराविषयी. एम-७ महामार्गालगत पादचारी आणि सायकलस्वारांसाठी सुमारे ४० किलोमीटरची वाट आहे आणि ती आपल्या दारावरून जाते. मोटारीतून आपण ती रोज पाहतो. आम्ही काही जण आता रविवारी सकाळी सात वाजता तेथे चालतो. सध्या वसंत ऋतू तोंडावर आहे, तेव्हा मॅगपाय पक्ष्यांपासून सावध राहावे. घरट्याजवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर ते झडप घालतात. रुंद काठाची टोपी घालावी आणि पळू नये. उन्हाळ्यात मात्र पश्चिम सिडनीच्या उन्हाशी शौर्य दाखवू नये. ४ जानेवारी २०२० रोजी पेनरिथला ४८.९ अंश तापमान नोंदले गेले होते, ते आपण विसरलेलो नाही. अशा दिवसांत पहाटे चालावे, किंवा स्टॅनहोप गार्डन्सच्या जलतरण केंद्रात पाण्यात चालावे. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांना पाण्यातील चाल फार सुखाची वाटेल.

पार्करनविषयी मला दोघा-तिघांनी विचारले. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये सुरू झालेला हा उपक्रम, पाच किलोमीटर, विनामूल्य, चालणाऱ्यांनाही मोकळा. उपक्रम म्हणून उत्तम. परंतु तो शनिवारी सकाळी असतो. ज्या पूर्वजांना कोकणात 'शनवार तेली' हे नाव पडले, त्यांच्या वंशजाने शनिवारी सकाळी घड्याळ लावून धावावे का, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे. मी जात नाही. शब्बाथला मी मनगटावरचे घड्याळ काढून ठेवतो आणि पत्नीबरोबर मोजमाप न करता फेरफटका मारतो. स्नायूंनाही आठवड्यात विसावा लागतोच. आमच्या वेळापत्रकात तो आधीपासून लिहिलेला आहे, ही सोय.

आहाराकडे वळतो. येथे आपल्या समाजात एक गोड गैरसमज आहे की जे कोशर ते पथ्याचे. तसे नाही. कोशर तळण हे तळणच असते. दुधाऐवजी आपण मटणाच्या रश्शात नारळाचे दूध घालतो, ते धर्माला धरून आहे, चवीला अप्रतिम आहे. पण डब्यातील घट्ट दुधाचा सुमारे पाचवा भाग चरबी असते आणि तीही बहुतेक साजूक तुपाच्या जातीची. मी नारळ सोडलेला नाही. नारळ सोडून मी कोण राहणार? शुक्रवारच्या रात्रीचा रस्सा पूर्वीसारखाच होतो. आठवड्यातील इतर दिवशी मात्र आमच्याकडे आता डबा उघडला जात नाही. चिंच-कोकमाचे कालवण होते, आणि वर मूठभर ओले खोबरे.

आहारतज्ज्ञांनी मला काही बंद करावयास सांगितले नाही, याचेच मला नवल वाटले. त्यांनी ताट मागितले. अर्धे ताट भाज्या, पाव ताट प्रथिने, पाव ताट भात किंवा भाकरी. माझ्या ताटात तोवर तीन चतुर्थांश भात आणि उरलेल्यात सारे काही असे. भात मी आता एक वाटी मोजून घेतो. प्रथिनांविषयी मात्र बोलावे तेवढे थोडे, कारण व्यायाम करून प्रथिने घेतली नाहीत तर भिंत विटांशिवाय बांधण्यासारखे होते. वयस्कर माणसाने शरीराच्या दर किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे सर्वसाधारण मत आहे. म्हणजे मला सत्तर ते नव्वद ग्रॅम. अंड्यातून सहा मिळतात, वाटीभर वरणातून सहा-आठ, आणि दीडशे ग्रॅम माशातून तीसच्या आसपास. टोस्ट-मुरंब्याच्या नाश्त्यात ती किती होती, याचा हिशेब या हिशेबनिसाने मांडला तेव्हा त्याला लाज वाटली.

आपल्या स्वयंपाकघरात यावर उत्तम उपाय होते आणि आपण ते वर्षातून एकदाच काढतो. बिरड्याच्या सणाला आपण वालाचे बिरडे करतो. सुक्या कडधान्यांत शंभर ग्रॅमला वीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. वाल भिजवावे, फडक्यात बांधून मोड आणावेत, मग कोमट पाण्यात टाकून सोलत बसावे. काम किचकट खरे, परंतु बोटांना आणि गप्पांना चांगले. आता आमच्याकडे दर मंगळवारी बिरडे असते आणि सोलण्याचे काम माझ्याकडे आहे. तिशा बेआवच्या शोकाचा पदार्थ दर आठवड्याला करावा का, असे माझ्या एका मावशींनी दूरध्वनीवरून विचारले. मी म्हटले, "मावशी, शोक करण्याची वेळ येऊ नये म्हणूनच करतो."

मासळीविषयी दोन शब्द. येथे पट्टीच्या स्वरूपात स्वस्त मिळणारा 'बासा' हा मार्जारमत्स्य आहे. त्याला खवले नाहीत, आपल्याला चालत नाही. तळलेल्या माशांच्या दुकानात 'फ्लेक' म्हणून जे देतात ते शार्कचे मांस, तेही नाही. बारामंडी, स्नॅपर, सार्डिन हे सारे चालतात, आणि डब्यातील सार्डिन सर्वांत स्वस्त. पोळीत गुंडाळून, वर कांदा-लिंबू पिळून पाहा. तरुण मुलांनो, आता तुमच्यासाठी: व्यायामशाळेत तुम्ही जी 'व्हे' नावाची भुकटी पिता ती दुधाची आहे. दुपारी मटण खाऊन तासाभरात ती पाण्यात घोळून पिणे हे आजीच्या स्वयंपाकघरात चालले नसते. वाटाण्याच्या किंवा सोयाबीनच्या प्रथिनांची भुकटी मिळते. तिचाही शिक्का पाहून घ्यावा. खरे सांगायचे तर उकडलेली अंडी आणि चणे खाणाऱ्याला भुकटीची गरज क्वचितच पडते.

गोडाचे काय, हा प्रश्न मला सर्वांत अधिक विचारला जातो. मलिदा मी नाकारीत नाही. एलियाहू हानाबीच्या स्मरणाचे पोहे-खोबरे नाकारून मिळविलेले आरोग्य मला नको. मूठभर घेतो, पूर्वी द्रोणभर घेत असे. नव्या वर्षाचा चिकाचा हलवा जवळ आला आहे. तो घोटायला घरातल्या बाईला तासन् तास उभे राहावे लागते, हात भरून येतात. आणि आम्ही पुरुष बाहेर बसून वड्यांची वाट पाहतो. म्हणजे व्यायाम एकीला आणि साखर दुसऱ्याला, अशी आमच्या घरी चाळीस वर्षे वाटणी होती. गेल्या वर्षी पळी मी हाती घेतली. वीस मिनिटांत मला कळले की आमच्या घरातील खरा पहिलवान कोण.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. किप्पूर जवळ येत आहे. जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिक्लाझाइडसारखी गोळी घेतात, त्यांची साखर उपवासात, किंवा नेहमीपेक्षा अधिक चालल्यावरही, धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, कंप, भोवळ ही त्याची लक्षणे. अशा प्रत्येकाने या आठवड्यातच डॉक्टरांशी आणि मग धर्मगुरूंशी बोलावे. जीव राखणे उपवासाहून वरचे आहे हे आपल्या धर्मातच सांगितले आहे, तरी दरवर्षी कोणीतरी वडीलधारे मुलांपासून लपवून उपवास करतात. कृपा करून लपवू नका. चालावयास निघतानाही खिशात जेलीबीन किंवा ग्लुकोजची वडी असू द्यावी.

आपण विचाराल, याने खरोखर काही होते का? अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांनी आठवड्याला १५० मिनिटे हालचाल आणि वजनात सुमारे सात टक्के घट साधण्याचा प्रयत्न केला, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. गोळीने ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी २००६ साली भारतीयांवर तसाच प्रयोग प्रसिद्ध केला. तेथे घट सुमारे २८ टक्के निघाली. म्हणजे आपल्याला लाभ कमी, पण लाभ आहे. हा दुसरा आकडा मी मुद्दाम सांगतो. अवास्तव आशा धरणारा माणूस अकराव्या दिवशी खिचडीच्या पातेल्याशी जातो.

माझे स्वतःचे सांगायचे तर अकरा महिन्यांत वजन सहा किलोंनी उतरले, घेर ९५ वर आला. म्हणजे रेषेच्या अजून बाहेरच आहे. जुलैच्या तपासणीत साखरेचा आकडा ६.८ होता. गोळी चालू आहे, बंद झालेली नाही. मधे मे महिन्यात पाऊस लागला आणि तीन आठवडे मी घराबाहेर पडलो नाही, तेही खरे. खुर्चीवरून मात्र मी आता पंधरा वेळा उठतो.

आणि आणखी एक. आमच्या कोठीत दहा किलो बासमतीचे पोते असते. पूर्वी ते महिन्यात संपे, आता तीन महिने पुरते. रोज संध्याकाळी मी ते दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलतो, थांबतो, सावकाश खाली ठेवतो. दहादा, आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा दहादा. मुले हसतात. गेल्या आठवड्यात गब्बाईंचा दूरध्वनी आला होता. सिम्हाथ तोराला सेफर तोरा घेऊन फेरीत याल का, असे त्यांनी विचारले. मी त्यांच्याकडे चार दिवसांची मुदत मागितली आहे. ती उद्या संपते. त्या शब्बाथला ज्या तरुणाने खालून हात दिला होता तो येथेच, तिसऱ्या रांगेत बसला आहे. चहाच्या वेळी मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.

चहा तयार आहे असे दिसते. बिस्किटे आम्ही आज आणलेली नाहीत. मोठ्या पातेल्यात उकडलेले चणे आहेत, कांदा-कोथिंबीर घातलेले. टेपही आणला आहे. ज्यांना घेर मोजून घ्यावयाचा असेल त्यांनी चण्यांच्या आधी यावे.